फॅमिली डॉक्टर आणि कुमारवयीनांची स्वतःस इजा : इंग्लंडमधील एका अपुऱ्या तयारीचा इतिहास

३ ऑगस्ट १९६१ रोजी इंग्लंडमध्ये आत्महत्याविषयक कायद्यास राजसंमती मिळाली आणि इंग्लंड व वेल्स येथे आत्महत्या व तिचा प्रयत्न हे गुन्हे राहिले नाहीत. त्याच वर्षी तेथील आरोग्य मंत्रालयाने एक परिपत्रक काढले. आत्महत्येच्या प्रयत्नानंतर रुग्णालयात आणलेल्या प्रत्येक व्यक्तीची मानसोपचारतज्ज्ञाकडून तपासणी व्हावी व तशी व्यवस्था रुग्णालयांनी ठेवावी, असा त्याचा आशय होता. कायद्याच्या इतिहासात पहिल्या घटनेला मोठे स्थान मिळाले आहे. दुसरीकडे सहसा कोणाचे लक्ष जात नाही. वस्तुतः पुढील अनेक वर्षांच्या वैद्यकीय वर्तनाला वळण दिले ते या साध्या परिपत्रकाने. गुन्हा नाहीसा झाला तेव्हा ती कृती कोणाच्या अखत्यारीत जावी, हा प्रश्न उरलाच होता. ती पोलिसांच्या हातून सुटली आणि रुग्णालयाच्या दाराशी येऊन थांबली. या हस्तांतरात कुटुंबाच्या डॉक्टरला मात्र काहीच स्थान नव्हते.

कुमारवयीन मुलेमुली स्वतःस इजा करून घेतात, तेव्हा त्यांना प्रथम भेटणारा डॉक्टर ती गोष्ट ओळखण्यास, तीविषयी विचारण्यास आणि पुढची वाट दाखविण्यास कितपत सिद्ध असतो, हा प्रश्न एकविसाव्या शतकाच्या आरंभापासून वैद्यकीय नियतकालिकांतून वारंवार विचारला गेला आहे. त्याचे उत्तर बहुधा प्रश्नावल्यांच्या साहाय्याने शोधले जाते : डॉक्टरला ज्ञान किती, त्याची वृत्ती कशी, त्याचे प्रशिक्षण कितपत झाले आहे. ही पद्धती निरुपयोगी नाही. परंतु अज्ञान ही जणू मूळची अवस्था असून ज्ञान तिच्यावर क्रमाक्रमाने मात करीत जाते, असे एक गृहीत तिच्यात दडलेले असते. इंग्लंडमधील इतिहास निराळे सांगतो. तेथील फॅमिली डॉक्टरची अपुरी तयारी आपोआप उरलेली नाही. ती घडत गेलेली आहे. प्रत्येक कालखंडाने या कृतीला एक नाव दिले, आणि त्या नावाबरोबर ती कोठे पाहावयाची व कोणी पाहावयाची हेही ठरवून टाकले. ते ठिकाण डॉक्टरचा दवाखाना होण्यास फार काळ जावा लागला.

१९६१ पूर्वीची स्थिती थोडक्यात सांगता येते. इंग्लंडच्या रूढ कायद्यानुसार आत्महत्येचा प्रयत्न हा दंडनीय अपराध होता. स्कॉटलंडमध्ये तो स्वतंत्र अपराध मानलेला नव्हता, ही गोष्ट पुढे एडिंबरोच्या संदर्भात ध्यानात ठेवण्याजोगी आहे. प्रत्यक्षात सर्वच प्रकरणी खटले भरले जात नसत. तरीही घरी बोलावलेल्या डॉक्टरपुढे पेच असेच. जे पाहिले ते कागदावर उतरले तर त्या कुटुंबाच्या दारी पोलीस येण्याचा संभव, आणि न उतरले तर पुढच्या उपचाराला आधार नाही. अशा वेळी न विचारणे आणि न लिहिणे हेच दयाळूपणाचे ठरे. १९५९ मध्ये इंग्लंडच्या चर्चनेही आत्महत्या हा गुन्हा असावा काय, असा प्रश्न शीर्षकातच विचारणारी पुस्तिका प्रसिद्ध केली आणि कायदा बदलण्यास अनुकूल वातावरण निर्माण झाले. कायदा बदलला, पण न विचारण्याची सवय त्याबरोबर रद्द झाली असे मानण्यास आधार नाही.

याच सुमारास या कृतीकडे पाहण्याची वैद्यकीय दृष्टी बदलत होती. व्हिएन्नाहून १९३८ मध्ये इंग्लंडला आलेले आणि पुढे शेफील्ड येथे प्राध्यापक झालेले मानसोपचारतज्ज्ञ अर्विन स्टेंगेल यांनी नॅन्सी कुक यांच्यासह १९५८ मध्ये आत्महत्येच्या प्रयत्नांवरील आपला प्रबंध प्रसिद्ध केला. आत्महत्येने मरण पावणारे आणि प्रयत्न करून जगणारे हे दोन भिन्न, परंतु एकमेकांत काही अंशी मिसळलेले समूह आहेत, आणि प्रयत्नात भोवतालच्या माणसांना घातलेली साद असते, असे त्यांचे प्रतिपादन होते. ‘फसलेली आत्महत्या’ ही कल्पना त्यामुळे मागे पडली. साद म्हटली की ती ऐकणारा कोणीतरी हवा. स्टेंगेल यांच्या विवेचनाचे तर्कशुद्ध पुढचे पाऊल असे होते, की ऐकणारा माणूस रुग्णाच्या नित्य परिसरातला असावा. प्रत्यक्षात ते पाऊल पडले नाही, कारण त्यांची निरीक्षणे रुग्णालयांत दाखल झालेल्या रुग्णांवर आधारलेली होती आणि त्यांच्यानंतर आलेल्यांचीही तशीच राहिली.

एडिंबरोच्या रॉयल इन्फर्मरीमधील तिसऱ्या क्रमांकाच्या वॉर्डात विषबाधेचे रुग्ण एकत्र आणले जात. तेथील अनुभवावर नील केसेल यांनी १९६५ मध्ये व्याख्याने दिली. यांतील बहुसंख्य रुग्णांना मरावयाचे नव्हते, म्हणून ‘आत्महत्येचा प्रयत्न’ हा शब्द दिशाभूल करणारा आहे, असे म्हणून त्यांनी ‘स्वविषप्रयोग’ या अर्थाचा शब्द सुचविला. शब्द नेमका होता. पण ज्या वॉर्डातून तो आला त्या वॉर्डाचा ठसाही त्यावर होता. विष घेतलेला मनुष्य रुग्णालयात येतो. ज्याने स्वतःच्या हातावर जखम करून घेतली, ती धुऊन वर बाही ओढली आणि जो सकाळी शाळेत गेला, तो त्या वॉर्डात कधीच दिसणार नव्हता. १९६९ मध्ये एडिंबरोच्याच नॉर्मन क्राइटमन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ‘पॅरासुइसाइड’ हा शब्द पुढे आणला. ब्रिस्टल येथे गेथिन मॉर्गन आणि सहकाऱ्यांनी १९७५ मध्ये ‘हेतुपुरस्सर स्वतःस इजा’ असा व्यापक शब्दप्रयोग रूढ केला. त्यात विषसेवन व जखम दोन्ही आली, आणि हेतूविषयीचा वाद बाजूला ठेवता आला. पुढे ‘हेतुपुरस्सर’ हे विशेषण दोषारोप करते, अशी तक्रार ज्यांनी तो अनुभव घेतला होता त्यांनीच केली आणि नव्या शतकात ते गळून पडले. शब्दांची ही परंपरा वाचताना एक गोष्ट नजरेत भरते. तिच्यातील जवळजवळ प्रत्येक शब्द रुग्णालयात जन्मला आहे.

आता दुसऱ्या बाजूस फॅमिली डॉक्टर कोणत्या स्थितीत होता हे पाहिले पाहिजे. ५ जुलै १९४८ रोजी राष्ट्रीय आरोग्य सेवा सुरू झाली. प्रत्येक नागरिकाचे नाव एका डॉक्टरच्या यादीत असावे आणि तज्ज्ञाकडे जावयाचे ते त्या डॉक्टरच्या चिठ्ठीने, ही तिची घडी. या घडीला एक मोठा अपवाद होता तो रुग्णालयाच्या अपघात विभागाचा. तेथे कोणीही सरळ जाऊ शकत असे. स्वविषप्रयोगाचे रुग्ण नेमके याच दाराने आत येत, आणि त्यांच्या डॉक्टरला ही गोष्ट कळे ती रुग्णालयाने पाठविलेल्या पत्रातून, पुष्कळदा रुग्ण घरी परतल्यानंतर. दवाखान्यांची अवस्थाही स्पृहणीय नव्हती. जोसेफ कॉलिंग्ज या ऑस्ट्रेलियन डॉक्टरने १९५० मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये प्रसिद्ध केलेला इंग्लंडमधील जनरल प्रॅक्टिसचा पाहणी-अहवाल अत्यंत कठोर होता. कोंदट खोल्या, रांगा, घाईने लिहिलेल्या चिठ्ठ्या यांचे त्यातील चित्र व्यवसायाला झोंबले. १९५२ मध्ये फॅमिली डॉक्टरांचे स्वतंत्र कॉलेज स्थापन झाले, त्यामागे ही टोचणीही होती.

सुधारणेचे प्रयत्न दोन दिशांनी झाले आणि दोहोंचा प्रस्तुत विषयाशी संबंध आहे. मायकेल बालिंट या हंगेरियन वंशाच्या मनोविश्लेषकाने लंडनच्या टॅव्हिस्टॉक क्लिनिकमध्ये फॅमिली डॉक्टरांचे लहान लहान गट जमवून त्यांच्याच रुग्णांविषयी चर्चा घडवून आणल्या व त्यातून १९५७ मध्ये त्याचा प्रसिद्ध ग्रंथ सिद्ध झाला. रुग्ण जी तक्रार घेऊन येतो ती कित्येकदा दुसऱ्या तक्रारीचे निमित्त असते आणि डॉक्टरचे व्यक्तिमत्त्व हेच त्याच्याजवळचे अधिकात अधिक वापरले जाणारे औषध असते, हा त्याचा गाभा. कुमारवयीन मुलीने डोकेदुखीसाठी येऊन उन्हाळ्यातही लांब बाह्या न काढणे, या प्रसंगाला यापेक्षा उपयुक्त दृष्टी सापडणे कठीण. परंतु हे गट ऐच्छिक होते आणि त्यांत बसलेले डॉक्टर हाताच्या बोटांवर मोजण्याइतके नसले तरी एकूण व्यवसायाच्या मानाने थोडेच होते. दुसरी दिशा संख्याशास्त्राची. मायकेल शेफर्ड आणि सहकाऱ्यांनी लंडनमधील दवाखान्यांची पाहणी करून १९६६ मध्ये दाखवून दिले, की वर्षभरात यादीतील शंभरांपैकी सुमारे चौदा व्यक्ती मुख्यतः मानसिक स्वरूपाच्या तक्रारीसाठी डॉक्टरकडे येतात आणि त्यांतील फारच थोड्या मानसोपचारतज्ज्ञापर्यंत पोहोचतात. त्यांचा निष्कर्ष तेव्हा धाडसाचा वाटला : तज्ज्ञांची संख्या वाढविणे ही खरी निकड नसून फॅमिली डॉक्टरची उपचारक म्हणून असलेली भूमिका बळकट करणे ही आहे.

या निष्कर्षानंतर अवघ्या दोन वर्षांनी, १९६८ मध्ये, सर डेनिस हिल यांच्या अध्यक्षतेखालील समितीने रुग्णालयांतील विषबाधेच्या उपचारांवर अहवाल दिला. स्वतः विष घेतलेला प्रत्येक रुग्ण, त्याची शारीरिक अवस्था कितीही सौम्य असो, ठरावीक रुग्णालयातील केंद्रात पाठविला जावा आणि तेथे त्याची मानसिक तपासणी व्हावी, अशी तिची शिफारस होती. हेतू उदात्त होता. सौम्य विषबाधा म्हणजे सौम्य दुःख नव्हे, हे समितीने बरोबर ओळखले होते. पण परिणामाच्या दृष्टीने पाहता, फॅमिली डॉक्टरने काय करावे या प्रश्नाला ‘पाठवावे’ एवढेच उत्तर मिळाले. ज्याचे काम पाठविण्यापुरते आहे, त्याने विचारण्याचे कौशल्य कमवावे तरी कशाला?

या वाङ्मयात फॅमिली डॉक्टर अगदीच अनुपस्थित आहे असे मात्र नाही. तो येतो, पण विलक्षण भूमिकेत येतो. गोळ्या कोठून आल्या याचा शोध घेतला असता त्या बहुधा त्याच्याच चिठ्ठीने आलेल्या आढळत. पन्नाशी-साठीच्या दशकांत बार्बिट्युरेट आणि पुढे चिंताशामक औषधे मुक्तहस्ताने लिहून दिली जात. ऑक्सफर्ड येथील कीथ हॉटन आणि ब्लॅकस्टॉक यांनी १९७६ मध्ये या प्रश्नाची फॅमिली डॉक्टरशी निगडित बाजू तपासली, तेव्हा निम्म्याहून अधिक रुग्ण त्या कृतीपूर्वीच्या महिन्यात आपल्या डॉक्टरला भेटून आलेले होते असे दिसून आले. दोन वर्षे आधी बॅरॅक्लफ आणि सहकाऱ्यांनी आत्महत्येने मृत्यू पावलेल्या शंभर व्यक्तींचा अभ्यास प्रसिद्ध केला होता. त्यातील चित्रही याहून फारसे वेगळे नव्हते. यातून जो बोध घेतला गेला तो औषधे जपून लिहिण्याचा. तो योग्यच होता, आणि बार्बिट्युरेटांचा वापर घटला हे त्याचे श्रेय. परंतु भेट झाली होती आणि त्या भेटीत काही बोलले गेले नव्हते, हा त्या आकड्यांचा दुसरा अर्थ तितक्या तत्परतेने वाचला गेला नाही.

कुमारवयीनांच्या बाबतीत तर सावधपणे चिठ्ठी लिहिण्याचा उपयोग आणखीच मर्यादित. त्यांच्यातील पुष्कळांची इजा औषधाने होत नव्हती. शस्त्राने जखम करून घेणाऱ्या तरुणांविषयीचे वैद्यकीय लेखन साठीच्या दशकात अमेरिकेतून येऊ लागले. ग्राफ आणि मॅलिन यांनी १९६७ मध्ये मनगटावर जखमा करून घेणाऱ्या रुग्णांचे एक विशिष्ट ‘लक्षणचित्र’ मांडले. पिंग-नी पाव यांनी १९६९ मध्ये तशाच रुग्णांचे आणखी एक. दोघांचेही रुग्ण मानसिक रुग्णालयांत दाखल झालेले होते आणि त्यांतून उभी राहिलेली प्रतिमा तरुण, बुद्धिमान, देखण्या, अविवाहित स्त्रीची होती. निवडक रुग्णांवरून सर्वसामान्य चित्र काढण्याचा हा दोष वैद्यकाच्या इतिहासात नवा नाही. पण येथे त्याची किंमत जास्त पडली. या चित्रात न बसणारा मुलगा, न बसणारी तेरा वर्षांची शाळकरी मुलगी, किंवा ज्याच्या घरी कसलीच विपन्नावस्था दिसत नाही असा विद्यार्थी डॉक्टरच्या मनात त्या शक्यतेची घंटा वाजवीत नसे. शिवाय कुमारवय हे व्यवस्थेच्या दृष्टीनेही अधांतरी होते. लहान मुलांसाठी बालमार्गदर्शन केंद्रे होती, प्रौढांसाठी वॉर्ड होते. मधल्या वयाला स्वतःची अशी जागा बहुतेक ठिकाणी नव्हती.

अपघात विभागात या रुग्णांचे स्वागत कसे होई, याविषयी एक प्रांजळ नोंद समाजशास्त्राने करून ठेवली आहे. रॉजर जेफरी यांनी इंग्लंडमधील अपघात विभागांतील कर्मचाऱ्यांच्या बोलण्याचा अभ्यास १९७९ मध्ये प्रसिद्ध केला. (हेच जेफरी पुढे भारतातील आरोग्यविषयक राजकारणावरील ग्रंथामुळे आपल्याकडील अभ्यासकांना परिचित झाले.) कर्मचारी रुग्णांची ‘चांगले’ आणि ‘कचरा’ अशी विभागणी करीत, आणि दारुडे, भटके, क्षुल्लक तक्रारी घेऊन येणारे यांच्याबरोबर गोळ्या खाल्लेल्यांनाही दुसऱ्या वर्गात टाकीत. जेफरींचे विश्लेषण निंदेचे नव्हते. रुग्णाने स्वतः आजारास जबाबदार नसावे, बरे होण्याची इच्छा धरावी, डॉक्टरला आपले कौशल्य वापरण्याची संधी द्यावी, या अलिखित अटी जो मोडतो तो अप्रिय ठरतो, असे त्यांनी दाखविले. स्वतःस इजा करून घेणारा या साऱ्याच अटी मोडत असे. उद्याचे फॅमिली डॉक्टर याच विभागांत उमेदवारी करून बाहेर पडत, आणि तेथील औषधोपचाराबरोबर तेथील बोलीही शिकून येत. लुईझ पेम्ब्रोक यांनी १९९४ मध्ये संपादित केलेल्या पुस्तकात ज्यांनी स्वतः हा अनुभव घेतला त्यांनी आपल्यावरील उपचारांची हकिकत सांगितली. त्यातील तिरस्काराची आणि शिक्षा दिल्यासारख्या वागणुकीची वर्णने जेफरींच्या नोंदींची दुसरी बाजू पुरी करतात. एकदा असे वागविले गेलेले मूल पुढच्या वेळी कोणत्याच डॉक्टरकडे जाणार नाही, हे सांगण्यास पाहणीची गरज नाही.

मध्यंतरी एक संधी येऊन गेली. केंब्रिज येथील गार्डनर आणि सहकाऱ्यांनी १९७७ मध्ये असे दाखविले, की थोडे शिक्षण दिल्यास सामान्य वैद्यकाचे डॉक्टर व परिचारिकाही या रुग्णांची मानसिक तपासणी मानसोपचारतज्ज्ञांच्या तोडीने करू शकतात. १९८४ मध्ये सरकारने मार्गदर्शक सूचना बदलल्या आणि योग्य प्रशिक्षण मिळालेल्या इतर कर्मचाऱ्यांनाही ही तपासणी करण्यास मुभा दिली. १९६१ च्या परिपत्रकाने तज्ज्ञाला दिलेली मक्तेदारी अशा रीतीने संपली. तत्त्व मान्य झाले होते. त्याचा विस्तार रुग्णालयाच्या भिंतीबाहेर करण्यास कोणता बौद्धिक अडसर उरला होता, हे सांगणे अवघड आहे. तथापि त्याचा लाभ झाला तो रुग्णालयातील कनिष्ठ डॉक्टर, परिचारिका आणि समाजकार्यकर्ते यांनाच. दवाखाना पुन्हा वगळला गेला.

फॅमिली डॉक्टरपुढे याच दशकात आणखी एक प्रश्न उभा राहिला, तो गुप्ततेचा. सोळा वर्षांखालील मुलगी आईवडिलांच्या नकळत डॉक्टरचा सल्ला घेऊ शकते काय? गिलिक प्रकरणात हाउस ऑफ लॉर्ड्सने १९८५ मध्ये निर्णय दिला, की मुलामुलीस पुरेशी समज व बुद्धी असेल तर ते स्वतः संमती देऊ शकतात. खटला संततिनियमनाचा होता, परंतु त्याचे क्षेत्र लवकरच विस्तारले. तत्त्वतः आता चौदा वर्षांचा मुलगा एकटा येऊन आपल्या हातावरील व्रण दाखवू शकत होता. व्यवहारात मात्र डॉक्टर दुहेरी अडचणीत सापडला : मौन राखले आणि काही विपरीत घडले तर दोष आपला, घरी सांगितले तर मूल पुन्हा येणार नाही. ज्या खोलीत त्याची आई गेली वीस वर्षे येत आहे, त्या खोलीत मुलाला विश्वास वाटावा तरी कसा? ‘कुटुंबाचा’ डॉक्टर ही इंग्लंडच्या व्यवस्थेची अभिमानाची गोष्ट या एका ठिकाणी अडसर ठरत होती.

या सर्व इतिहासाचा हिशेब एका पाहणीने मांडला. हॉटन आणि सहकाऱ्यांनी इंग्लंडमधील ४१ शाळांतील पंधरा-सोळा वर्षांच्या ६,०२० विद्यार्थ्यांना निनावी प्रश्नावली दिली व २००२ मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध केले. मागील वर्षात स्वतःस इजा करून घेतल्याचे ६.९ टक्के विद्यार्थ्यांच्या उत्तरांतून निश्चित झाले. मुलींत हे प्रमाण ११.२ टक्के आणि मुलांत ३.२ टक्के होते. दोन-तृतीयांशाच्या जवळपास प्रसंग जखमांचे होते. आणि रुग्णालयापर्यंत पोहोचले होते ते केवळ १२.६ टक्के प्रसंग. स्टेंगेलपासून मॉर्गनपर्यंत ज्याला संपूर्ण चित्र समजले गेले, तो कुमारवयीनांच्या बाबतीत साधारण आठवा हिस्सा होता. उरलेले सात हिस्से घरात, शाळेत, मित्रमैत्रिणींच्या कानांत होते. मदत मागावयाची झाल्यास ही मुले प्रथम आपल्या बरोबरीच्यांकडेच वळतात, असे त्याच संशोधनातून दिसून आले. पाऊणशे वर्षांत नव्हे, पण चाळीस वर्षांत उभारलेली सारी यंत्रणा ज्या दारावर पहारा देत होती, त्या दाराने बहुतेक मुले येतच नव्हती.

योगायोग असा, की त्याच वर्षी दवाखान्याला प्रथमच या प्रश्नाच्या केंद्रस्थानी आणणारा मोठा प्रयोग प्रसिद्ध झाला. बेनेविथ आणि सहकाऱ्यांनी ब्रिस्टलच्या परिसरातील ९८ दवाखान्यांची दोन गटांत यदृच्छ विभागणी केली. एका गटातील डॉक्टरांनी रुग्णालयातून परतलेल्या रुग्णास पत्र पाठवून भेटीस बोलवावे आणि सोबत दिलेल्या मार्गदर्शक सूचनांनुसार वागावे, असे ठरले. १,९३२ रुग्ण या प्रयोगात होते. फळ मिळाले नाही. पुन्हा इजा करून घेणाऱ्यांचे प्रमाण पत्र पाठविलेल्या गटात २१.९ टक्के व दुसऱ्या गटात १९.५ टक्के होते, आणि हा फरक संख्याशास्त्रीय दृष्ट्या अर्थपूर्ण नव्हता. यावरून फॅमिली डॉक्टर या कामास निरुपयोगी आहे असा निष्कर्ष काढणे सोपे आहे व काहींनी तो काढलाही असेल. पण प्रयोगाची रचना नीट पाहिली तर तेथेही आरंभ रुग्णालयातूनच होतो. डॉक्टरच्या हाती एक पत्र आणि एक पत्रक पडते. विचारण्याचे शिक्षण, वेळ किंवा पुढचा आधार यांत फारसा फरक पडत नाही. चाळीस वर्षे ज्याला टपालाचा मध्यस्थ मानले, त्याला टपालानेच सिद्ध करण्याचा तो प्रयत्न होता.

पुढचा इतिहास अलीकडचा आहे आणि तो अद्याप स्थिरावलेला नाही. राष्ट्रीय चिकित्सा उत्कृष्टता संस्थेने २००४ मध्ये स्वतःस इजा करून घेणाऱ्यांसंबंधी पहिली मार्गदर्शिका काढली. इतर कोणाही रुग्णास मिळेल तीच सहानुभूती व तोच आदर या रुग्णांस मिळावा, हे तिला स्पष्ट शब्दांत लिहावे लागले, यातच पुष्कळ काही आले. सोळा वर्षांखालील मुलास सामान्यतः एक रात्र बालरुग्णविभागात ठेवून दुसऱ्या दिवशी त्याची पूर्ण तपासणी करावी, ही शिफारस मात्र जुन्याच वळणाची होती. २००६ मध्ये तरुणांच्या प्रश्नावर भरलेल्या राष्ट्रीय चौकशीचा अहवाल आला. २०१० नंतर फॅमिली डॉक्टरांच्या मुलाखती घेऊन केलेल्या अभ्यासांत त्यांनी आपली अडचण स्वतःच सांगितली : दहा मिनिटांची भेट, कोणत्या शब्दांत विचारावे ही शंका, विचारल्याने कल्पना मनात भरली जाईल ही भीती, आणि पुढे पाठवावे तर कुमारवयीनांच्या मानसोपचार सेवेची लांबच लांब प्रतीक्षायादी. यांतील तिसरी भीती निराधार आहे, हे संशोधनाने दाखविले आहे. बाकीच्या तिहींना प्रशिक्षण हे पुरे उत्तर नाही.

दवाखान्यांच्याच नोंदींवर आधारलेला मॉर्गन आणि सहकाऱ्यांचा २०१७ चा अभ्यास या दृष्टीने नवे वळण म्हणावा लागेल, कारण त्यात प्रथमच चित्र रुग्णालयाच्या नव्हे तर फॅमिली डॉक्टरच्या वहीतून उभे राहिले. ६७४ दवाखान्यांतील दहा ते एकोणीस वयाच्या १६,९१२ रुग्णांची नोंद त्यांनी अभ्यासली. तेरा ते सोळा वयाच्या मुलींत हे प्रमाण २०११ मध्ये दहा हजारांस ४५.९ होते ते २०१४ मध्ये ७७.० झाले. स्वतःस इजा करून घेतलेल्या मुलामुलींत पुढील काळात अनैसर्गिक मृत्यूचा संभव त्यांच्या बरोबरीच्यांपेक्षा सुमारे नऊ पट होता. आणि ज्या वस्त्यांत दारिद्र्य सर्वांत अधिक, तेथील दवाखान्यांतील मुलांत ही कृती अधिक आढळूनही त्यांना वर्षभरात मानसोपचार सेवेकडे पाठविले जाण्याचा संभव २३ टक्क्यांनी कमी होता. डॉक्टरच्या वृत्तीची प्रश्नावली भरून घेणाऱ्या संशोधकाला हा शेवटचा आकडा सापडला नसता. २०२२ च्या नव्या मार्गदर्शिकेने पुढे काय होईल याचे भाकीत करण्यासाठी गुणांकांची कोष्टके वापरू नयेत असे बजावले, आणि फॅमिली डॉक्टरला स्वतंत्र सूचना दिल्या. परिपत्रकापासून या सूचनांपर्यंत एकसष्ट वर्षे गेली होती.

या इतिहासाचा एक धागा भारतापर्यंत येतो, तो कायद्याचा. इंग्लंडच्या कल्पनेवर घडलेल्या १८६० च्या भारतीय दंडसंहितेतील कलम ३०९ ने आत्महत्येचा प्रयत्न गुन्हा ठरविला होता, आणि मूळ देशात ती कल्पना १९६१ मध्ये टाकून दिली गेल्यावरही येथे ती टिकली. मुंबई उच्च न्यायालयाने मारुती श्रीपती दुबळ प्रकरणात १९८६ मध्ये हे कलम घटनाबाह्य ठरविले. सर्वोच्च न्यायालयाने १९९४ मध्ये तसाच निर्णय दिला आणि १९९६ मध्ये घटनापीठाने तो फिरविला. त्यामुळे महाराष्ट्रातील डॉक्टरला अशा रुग्णाच्या बाबतीत उपचाराबरोबर पोलिसांकडे जाणाऱ्या नोंदीचाही विचार करावा लागे. १९६१ पूर्वीच्या इंग्रज डॉक्टरचा पेच त्याच्या वाट्याला आणखी अर्धशतक राहिला. २०१७ च्या मानसिक आरोग्यसेवा कायद्याच्या कलम ११५ ने, जो २०१८ पासून अमलात आला, असा प्रयत्न करणारी व्यक्ती तीव्र ताणाखाली होती असे गृहीत धरण्यास सांगितले. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्यायसंहितेत जुने कलम ३०९ उरले नाही. लोकसेवकावर दडपण आणण्यासाठी केलेला प्रयत्न तेवढा दंडनीय राहिला.

याच कलम ११५ ने अशा व्यक्तीची शुश्रूषा, उपचार आणि पुनर्वसन यांचे कर्तव्य शासनावर सोपविले आहे. ते कोणत्या दाराशी पार पाडावयाचे, रुग्णालयाच्या, प्राथमिक आरोग्य केंद्राच्या की गल्लीतील खाजगी दवाखान्याच्या, हे त्यात सांगितलेले नाही. आणि कलमातील शब्द आहे तो ‘आत्महत्येचा प्रयत्न’ हाच. मरण्याचा विचार मनात नसताना स्वतःच्या हातावर जखम करून घेणारी शाळकरी मुलगी त्या शब्दात येत नाही.